वहाणांचं माप

सदानंद बूट न काढताच आत आला. परदेशात, अल बर्शातल्या बहिणीच्या घरी त्याने असं कधी केलं नव्हतं. अनुपमाने ते पाहिलं. सोफ्यावर टेकता टेकता त्याने फाइल उघडली आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला.

"बाबांच्या बागेच्या वारसनोंदीवर घेतलेली हरकत मी मागे घेते, एवढंच लिहिलंय. उद्या माझ्यासोबत कॉन्सुलेटला ये, ऑफिसरसमोर सही कर. खलास. बायर थांबलाय."

"मला वाटा नकोच आहे, दादा. बाग विकू नको, एवढंच म्हणतेय."

"आपण दोघंही इथे. तिकडे गावी बागेला आहे कोण?"

"राखणदार आहे."

"त्याला रिसॉर्टवाले सिक्युरिटीत घेतील. युनिफॉर्म देतील, शिट्टी देतील."

तीही हसली, थोडीशी. मग म्हणाली, "यंदा मार्गशीर्षात त्याच्या वहाणा ठेवल्यास?"

रात्री बागेची हद्द फिरणाऱ्या, कुणालाच न दिसणाऱ्या राखणदारासाठी बाबा दरवर्षी बागेच्या दगडी गडग्यावर, फणसाखाली, कोऱ्या वहाणांचा जोड ठेवत. वर्षाने तोच जोड झिजलेला मिळे. टाचा घासलेल्या, अंगठे तुटलेले.

"ठेवल्या ना! विसरेन का? गावातल्या शेजारच्या नर्मदाकाकूंनी ठेवल्या. मोच्याशी मीच फोनवर बोललो. तो माप विचारत होता."

"मग?"

"मग काय, माझंच दिलं. नऊ नंबर."

तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"बाबा कधीच माप देत नव्हते. 'कर तुझ्या मनाने' म्हणायचे. एखाद्या माणसाच्या मापाच्या झाल्या, तर त्यालाच त्या घालून हद्द राखत फिरावं लागतं."

"यल्ला, चल, तू पण ना, अनू!" पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"बूट काढ, दादा."

"निघत नाहीत. पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतो, युरिक ॲसिड."

ती खाली बसली, नाड्या सोडल्या, हळूहळू बूट ओढले. पांढऱ्या मोज्यांचे तळवे तांबडे झाले होते. मोजे उतरवले. टाचांना भेगा, आणि भेगाभेगांत ओली तांबडी माती. खोलीभर दवाचा, कुजक्या पानांचा, सुपारीच्या फुलांचा वास पसरला. सदानंद वर्षभरात गावाला गेला नव्हता.

"सकाळी उठतो तेव्हा असे असतात," तो हलकेच म्हणाला. "म्हणूनच विकायचीय. मला सुटू दे गं."

"विकलीस तर कायमचा अडकशील. जमीन विकली तरी राखणदार तिथेच राहतो. बाग आपली आहे तोवर आत जाऊन तो जोड उचलता येईल, दुसरा ठेवता येईल. उद्या तिथे रिसॉर्टचं गेट झालं, तर कोण आत घेईल आपल्याला?" तिने कागद मिटून त्याच्या फाइलमध्ये परत ठेवला. "माझी हरकत राहू दे."

"वेडी आहेस तू. कोर्टातून रद्द करून घेईन तुझी हरकत!"

बूट हातात घेऊन तो अनवाणीच निघाला. फरशीवर त्याची पावलं दारापर्यंत तांबडी उमटत गेली. अनुपमा फडकं घेऊन बसली. पण पुसवेना.

"मम्मा," खिडकीपाशी उभी असलेली ओवी म्हणाली. "व्हाय इज मामा डुइंग दॅट?"

अनुपमा लेकीच्या मागे येऊन उभी राहिली. खाली, बिल्डिंगशेजारच्या रिकाम्या वाळूच्या प्लॉटमध्ये सगळ्यांच्या गाड्या उभ्या होत्या. सदानंदचीही होती. बूट तिच्या टपावर ठेवलेले. तो मात्र गाडीवरून पुढे गेला होता आणि प्लॉटच्या कडेकडेने चालत होता, सावकाश, कुठेच जायचं नसल्यासारखा. कोपरा आला की थांबायचा. बाहेरच्या दिशेला बघायचा. मग वळायचा.

मशिदीतून सांजेची, मगरिबची अजान सुरू झाली. चालता चालता तो वाकला. हद्दीवरचा एक दगड वाळूत घसरून पडला होता. तो त्याने उचलला, हाताने पुसला, होता तिथे नीट बसवला, आणि पुढे चालू लागला.