नुसता चहा

डिंडोलीच्या दवाखान्यात वाल्मिकआप्पांची उपाशीपोटीची साखर सलग तिसऱ्या महिन्यात दोनशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दोनदा बदलल्या होत्या, लॅबही बदलून पाहिली होती. आता बदलायचे फक्त आप्पाच उरले होते.

"काका, खरं सांगा. सकाळी काय खाऊन आलात?"

"अन्नाचा कण बी नाही, साहेब. नुसता चहा. तो तर उपासालाही चालतो."

"उपासाला चालतो, टेस्टला नाही. बरं, तुमच्या चहात साखर किती?"

"माझ्या? चिमूटभर बी नाही. तुम्ही सांगितलं त्या दिवसापासून बंद."

"मग सोमवारपासून इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल."

आप्पांनी मान डोलावली. ते एक अक्षर खोटं बोलले नव्हते. डॉक्टरांनी त्यांच्या चहाचं विचारलं, त्यांनी त्यांच्या चहाचं सांगितलं.

&nbsp;

तीन चमचे साखरेचा चहा त्यांच्या बायकोचा होता. वर्षभर ते तो रोज सकाळी तिच्या फोटोपुढे ठेवत, निवेपर्यंत तिची वाट बघत, आणि मोरीत ओतायला हात धजत नाही म्हणून स्वतःच पिऊन टाकत.