वाळू नको

“किनाऱ्याचा तळ की जंगलाचा? एकच काहीतरी सांगा,” कारकून म्हणाला. “मला आज दुपारी कळवायचंय.”

“किनाऱ्याचा,” रुद्रप्पा म्हणाला.

“जंगलाचा,” नीलम्मा म्हणाली.

कारकुनानं टाक खाली ठेवला. घरचं भांडण माणसानं घरीच मिटवून यावं अशी त्याची अपेक्षा होती, आणि ती काही गैर नव्हती. त्यानं दोघांना बाहेर जाऊन ठरवून यायला सांगितलं.

रुद्रप्पा पलटणीतून सुटून कुंभारीला परतला तो नेमका दुष्काळाच्या तोंडी. विहीर आटली, बैल गुरांच्या छावणीत मेले आणि हवालदार रुद्रप्पा बायकोशेजारी रस्त्याच्या कामावर खडी फोडत बसला. अशात सरकारनं निकोबारच्या एका बेटावर माजी सैनिकांना जमीन द्यायचं काढलं. अट एकच. माणूस बायकोसकट तिथं उतरला पाहिजे; सड्याला जमीन नाही. उतरल्यावर आधी तंबूत राहायचं आणि जिथं तंबू तिथंच पुढं जमीन मिळायची. ही जमीन हुकली तर चन्नम्माला खाऊ घालायला घरात दाणा नव्हता. एकुलती एक पोर होती ती, सात वर्षांची.

कचेरीच्या व्हरांड्यात मोडनिंबचा धोंडीराम बसला होता. तो पहिल्या तुकडीबरोबर बेटावर गेलेला आणि आता वडलांच्या दिवसांसाठी आलेला. दोघं त्याच्यापुढं जाऊन बसली.

“किनाऱ्याला समदं हाय बगा,” धोंडीराम म्हणाला. “बोट तितंच लागती. दवाखाना हाय, शाळा हाय, नारळ तर मोजू नगा. जंगलातला तळ चढावर. जळवा, डास, अंदार. बोलायला मानूस न्हाय.”

“आनि पानी?” रुद्रप्पानं विचारलं.

“किनाऱ्याला व्हय? गुडघाभर खांदा, लागतंय. ग्वाड पानी.”

रुद्रप्पाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. स्वतःच्या विहिरीच्या तळाशी त्यानं उन्हाळाभर खडक फोडला होता आणि हाताला ओलसुद्धा लागली नव्हती. त्यानं आनंदानं बायकोकडं पाहिलं. तिचा चेहरा मात्र उतरला होता.

“जंगलातली माती कशी हाय?” तिनं विचारलं.

“लाल. चिकट लई.”

“खांदली तर उबी ऱ्हाती, का ढासळती?”

“ऱ्हाती की. पुरुसभर खांदा, भित हालायची न्हाय. चढ हाय, पानीबी लागत न्हाय. वाळूत मातुर एका रातीत खड्डा बुजतोय.”

“मग जंगलच,” नीलम्मा म्हणाली.

रुद्रप्पाचा पारा चढला. “पान्यापायी गाव सोडायलोय आपुन. आनि जितं पानी लागत न्हाय तितं चल म्हनतीस?”

“मला समुद्राची भीती वाटती.”

“कवा बगितलास समुद्र?”

“न्हाई बगितला.”

“दवाखान्याचं काय? लेकरू हाय पदरात.”

“चन्नीला दवाखाना कशाला लागतोय? दनकट हाय ती.”

धोंडीरामनं तोंड दुसरीकडं फिरवलं. बायकोनं चारचौघांत नवऱ्याचा शब्द खोडावा आणि तोही असल्या हट्टापायी, हे त्याला बघवेना.

दोघं आवारातल्या लिंबाखाली गेली. नीलम्मानं भाकरीचं फडकं सोडलं, आपल्या वाट्याची अर्धी पोरीसाठी परत बांधली आणि उरलेली नुसती हातात धरून बसली. ती वाळून पार चिपाड झाली होती. पण त्या साली कोण वाळलं नव्हतं? मागच्या आठवड्यात शेजारची नागम्मा तिला शहरात एका डॉक्टरणीकडं घेऊन गेली होती. “अशक्तपना हाय म्हनली. पोटभर खा म्हनली,” एवढं तिनं घरी येऊन सांगितलं. रुद्रप्पा त्यावर कडवट हसला होता. बेटावर जाण्यासाठीची सरकारी तपासणी तर त्याच्याही आधी उरकली होती. जीभ बघितली, डोळे बघितले, झालं.

“किनाऱ्याला नारळ हायती,” तो आता समजुतीनं म्हणाला. “तुज्या अंगावर जरा मांस चढंल. माज्यासाटी न्हाय, तुज्यासाटी म्हनतोय मी.”

नीलम्मानं भाकरी खाली ठेवली.

“अवो, लगीन झाल्यापास्नं मी काय मागितलं तुमाला?”

रुद्रप्पानं आठवून पाहिलं. तिनं कधीच काही मागितलं नव्हतं. तो उठला, आत गेला आणि स्वतःलाच शिक्षा सुनावावी तशा आवाजात “जंगल” म्हणाला.

कुंभारीच्या एस.टी.त तो तिच्यापासून लांब, पुढच्या बाकावर जाऊन बसला. कधी नव्हे ते नशीब उघडलं होतं आणि या बाईनं ते लाथाडलं. पाणी, शाळा, माणसांची सोबत, सगळंच गेलं. आता अशा बायकोबरोबर त्या अंधाऱ्या रानात जन्म काढायचा होता. गाडीतून उतरल्यावर तो तिच्यासाठी थांबलाही नाही. तडक मुकादमाकडं काम सोडत असल्याचं सांगायला गेला.

नीलम्मा घरी न जाता लिंगायतांच्या मठात गेली. म्हातारे जंगम ओट्यावर एकटेच बसले होते. तिनं डोकं टेकवलं.

“बेटावर आपला जंगम कुनी न्हाई, स्वामी. आपल्यातलं मानूस गेलं, तर त्याला बसवून माती द्यायचा खड्डा कसा खांदायचा, तेवढं सांगा. मी ह्यांना शिकवून ठेवते.”

परमुलखात जाऊनही रीत सोडायची नाही म्हणणारी बाई पाहून स्वामींना भरून आलं. तोंड कुठं करायचं, विभूती कशी घालायची, माती कुणी आधी लोटायची, सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. ती एकेक गोष्ट पुन्हा म्हणून बघत होती.

“आनि माप?”

“माप समद्यांचं सारकं नसतंय, बाळ. ज्याला बसवायचं, त्याच्याच पावलानं मोजायचं.”

नीलम्मानं मागं वळून पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. तिनं लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि ओट्याच्या पायरीवर आपलं पाऊल नीट टेकवलं.

“मग ह्या पावलानं सांगा, स्वामी.”