चार नंबरचा पट्टा

खिळे सहा होते, पट्टे पाच.

हर्षदानं पुन्हा मोजले. सरावानंतर मुली पट्टे पाण्यानं धुवायच्या आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या खिळ्यांवर वाळत घालायच्या. आज चौथा खिळा रिकामा होता. चार नंबरचा पट्टा कमूचा.

"मी टांगला होता मॅडम, काल सकाळीच," कमू म्हणाली. "सर बसले होते ना खोलीत. विचारा."

मुख्याध्यापक गोकुळसरांनी कागदावरून मान वर केली. "माझं लक्ष नव्हतं," ते म्हणाले.

मोखाड्याजवळच्या या निवासी शाळेत हर्षदा जूनमध्ये विज्ञान शिकवायला आली. मुंबईच्या एका मंडळानं शाळेला छातीचे ठोके मोजणारे पट्टे दिले, आणि पळणाऱ्या मुली तिच्याकडे आल्या. पट्टा ओला करून छातीला बांधला की जागा व्हायचा. खिळ्यावर असला की झोपलेला. मुलगी फेरी मारून हर्षदाच्या जवळ आली की फोनवर आकडा उमटायचा, दहा पावलं पुढे गेली की विझायचा.

कमू वांगणीची. ती एकच पळणं जाणायची, जीव तोडून. हर्षदानं तिला हळू पळायला लावलं. दीडशेच्या वर आकडा गेला की पळणं थांबवून चालायचं.

"मॅडम, ही पट्ट्याशी भांडते," तिच्याबरोबर पळणारी रखमी हसायची. "रात्री झोपेत त्याला शिव्या देते."

"हळू पळून कोण पुढे गेलंय?" कमू कुरकुरायची.

पण दिवाळीनंतर त्याच वेगाला तिचे ठोके वीसनं उतरले. येत्या रविवारी जव्हारला दहा किलोमीटर धावण्याची निवड चाचणी होती. पहिली येईल तिला नाशिकच्या वसतिगृहात जागा, बारावीपर्यंत. कमू पहिली येणार हे आता रखमीसुद्धा मान्य करत होती.

एकदा गंमत झाली होती. रखमी पट्टा बांधून ओट्यावर बसली होती, आकडा बहात्तर. हर्षदानं सहज विचारलं, "सरांच्या झाडाचे पेरू कोणी खाल्ले गं?" रखमी तोंडानं काही बोलली नाही. आकडा एकशे दहावर गेला.

"अगं बाई, हा शरम पण मोजतो!" कमू ओरडली. सगळ्या लोळून हसल्या. गोकुळसरही हसले. मग त्यांनी विचारलं होतं, "बसल्या माणसाचे किती पाहिजेत, मॅडम? म्हणजे, माझ्या वयाच्या?"

"साठ ते शंभर. सारखे त्याच्या वर जायला लागले तर डॉक्टरला दाखवायचं."

"आमचं काय, निवृत्तीला तीन वर्षं राहिली," असं काहीतरी म्हणून ते आत गेले होते.

आता ते म्हणाले, "पेट्या उघडा मुलींच्या. आधी तिची."

हर्षदा नाही म्हणू शकली असती. तिनं कमूची पेटी सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं उपसली. दोन गणवेश, एक कंगवा, डब्यात नाचणीचं पीठ. तळाशी पाळीसाठी घड्या करून ठेवलेले जुन्या साडीचे तुकडे. ते उलगडून जमिनीवर पडले. आचारी दारातच उभा होता. त्यानं मान फिरवली.

पट्टा नव्हता.

कमू खाली बसली आणि तुकड्यांच्या पुन्हा घड्या घालू लागली. हर्षदा मदतीला वाकली.

"राहू द्या मॅडम," कमू म्हणाली. "आता बघितलं ना सगळ्यांनी."

हर्षदाचे कान तापले. पण त्यानंतर दुसरी कुठलीच पेटी उघडली गेली नाही, आणि तेही ती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमूचा बाप भिका आला. ठाण्याला बांधकामावर होता; पोरीला घरी घेऊन जा, हा सरांचा निरोप मिळाल्यावर पहाटेच निघाला होता.

"सर, माझी पोर चोर नाय."

"मग पट्टा गेला कुठे? शेवटी तिच्याच हातात होता."

"रविवारी पळू द्या तिला. मग नेतो मी. कायमची नेतो."

"निवडीला वर्तणुकीचं पत्र लागतं. ते मी कसं देऊ?" गोकुळसरांचा आवाज संथ होता. उन्हं चढली तरी त्यांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती. "दाखल्यावर चोरी लिहीत नाही. तेवढी माणुसकी ठेवतो."

भिका हर्षदाकडे वळला. "मॅडम, तुम्ही तरी बोला."

हर्षदा जमिनीकडे बघत राहिली.  भिकानं पेटी खांद्यावर घेतली. कमूनं पळायचे बूट काढून उंबऱ्याशी ठेवले, शाळेचे होते म्हणून, आणि अनवाणी बापामागे गेली. फाटकाबाहेर जीप उभी होती. दाखला हातात पडला की निघायचं होतं.

खोलीत दोघंच उरले.

"फोनमधून तिचं नाव काढा, मॅडम. निवडीला रखमीला न्या," सर म्हणाले आणि दाखला पुढे ओढला.

परवा सकाळपासून हर्षदानं फोनमधलं पट्ट्यांचं पान उघडलं नव्हतं. सरावच झाला नव्हता. तिनं ते उघडलं. भिंतीवरचे पाच पट्टे झोपलेले दिसले.

चार नंबर हिरवा होता. एकशे अठरा.

तिनं खिडकीतून पाहिलं. कमू जीपच्या टपावर चढलेल्या बापाला पेटी देत होती, मैदानाच्या पलीकडे.

हर्षदानं फोन टेबलावर ठेवला, पडदा सरांकडे करून.

"चोरी लहान काय नि मोठी काय," गोकुळसर खाली बघत, संथपणे म्हणत होते. "एकदा सोडलं की सवय लागते पोरांना."

एकशे सव्वीस.

जीपचा हॉर्न वाजला. सरांनी पेनाचं टोपण काढलं, मान वर केली आणि फोनकडे पाहिलं.

एकशे एक्कावन्न.