आकड्यांची जागा

दारावरच्या पाटीसाठी कझाक सुनेचं नाव तिच्याच अक्षरांत टाइप करायला कुमुदिनीबाई बसल्या, पण पहिलं अक्षर काही केल्या सापडेना.

आयगेरीमने हसत सासूबाईंचं बोट दोनच्या आकड्याच्या बटणावर ठेवलं. पडद्यावर ते अक्षर उमटलं: Ә.

“मग दोन कुठे गेला?”

“उजवीकडच्या वेगळ्या बटणांवर, आई. रशियन अक्षरांनी सगळा कीबोर्ड भरला होता. मग आमच्या अक्षरांना बसवायला आकड्यांना उठवलं.”

मराठी टायपिंगमध्ये जन्म काढलेल्या कुमुदिनीबाई आकड्यांच्या त्या ओळीकडे बघतच राहिल्या. “भले शाब्बास,” एवढंच त्या पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी पाटीवाला म्हणाला, “घर नंबरामुळे एवढं नाव मावत नाही, बाई. बारीक करू?”

“नाव तसंच राहू दे,” त्या म्हणाल्या. “नंबराला उठवा.”