आधी बसवायचं

“अगं, बस ना जरा,” बाकावरची वाळकी पानं हाताने झटकत म्हातारा म्हणाला.

“तुम्ही बसा. दमलात तुम्ही,” असं म्हणून म्हातारी काचघरातले नेचे बघायला वळलीसुद्धा.

म्हातारा पाण्याची बाटली घेऊन तिच्यामागे निघाला. सकाळी ती आंघोळीला गेली असताना जहाज कंपनीचा फोन आला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा समुद्रात बुडाला होता. सूनबाईला कळवलंय, ती संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे पोचेल, असं फोनवरचा माणूस म्हणाला होता. त्याच्या आत म्हातारीला सांगायलाच हवं होतं. तिचं काळीज आधीच नाजूक. आणि नेमकं आज तिने बागेत जायचं टुमणं लावलं होतं.

बागेत पानगळ नुकतीच लागली होती. ऊन छान कोवळं होतं. म्हाताऱ्याला त्यातलं काही दिसत नव्हतं.

तो जन्मभर तारवाला होता. माणूस गेल्याच्या तारा त्याने घरोघर पोचवल्या होत्या. त्याची एक रीत होती. आधी माणसाला बसवायचं, मग पाणी पाजायचं, मग तोंड उघडायचं. त्याच्यासमोर कधी कुणी कोसळलं नाही, हे तो घरी येऊन बायकोला फुशारकीने सांगायचा. आज बायकोच बसायला तयार नव्हती.

कमळांच्या तळ्याशी त्याने बाटली पुढे केली. “घोटभर पी.”

“मला नको. तुम्हीच प्या, घसा बघा किती कोरडा पडलाय.” तिने बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो मुकाट्याने प्यायला.

गुलाबांच्या वाफ्याशी ती माळ्याशी गप्पा मारत उभी राहिली. ही बाई आज सगळ्या झाडांची हजेरी घेणार की काय! देवा, हिला एकदाची खाली बसव, असं म्हातारा मनातल्या मनात विनवत राहिला. ऊन कलायला लागलं होतं.

अखेर तोच थकला. तो फाटकाजवळच्या बाकावर धपकन बसला. आता ती उभी असली तरी सांगून टाकायचं, असं ठरवून त्याने वर पाहिलं.

तिने त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

“बसलात ना नीट? पाणीही प्यायलात,” ती म्हणाली. “आता ऐका. सूनबाईचा फोन मला कालच आला होता.”