धरमतरचा पिक्चर

"तो पिक्चर दाखवा मला. शेवट तेवढा," म्हणत शांतीनं पेजेची वाटी बाजूला सारली.

तिच्या नवऱ्यानं, मोरूनं ती पुन्हा पुढे केली. रोह्याच्या दवाखान्यात शांतीच्या अंगात ताकद येण्याची वाट बघत डॉक्टर ऑपरेशनसाठी खोळंबले होते आणि ही बाई अन्नाला शिवत नव्हती. त्यांची एकुलती लेक समीक्षा बापाशी भांडून घराबाहेर पडली, त्याला वर्ष होत आलं. पुन्हा या दारात पाय ठेवू नको, हे मोरूचेच शब्द. आता ती फोनही उचलत नव्हती. लेक येणार नसेल तर जगून काय करू, असं एकदाच म्हणून शांतीनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

देवाला कौल लावावा तसा तिनं आता पिक्चरला लावला. "त्यातली बाई घरी परत आली असंल, तर माझी समी पन येल. मग करा ऑपरेशन."

धरमतरच्या खाडीवर शूटिंग झालेला तो जुना पिक्चर दोघांनी एकदाच पाहिला होता, लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत, तंबूत. तेव्हापासून घरात त्याच्यावर वाद. बाईनं घर सोडण्याआधी चूल सारवली, ते दोघांनाही आवडलेलं. तसं सूप धरणारी नटी पुन्हा झाली नाही, हे मोरूही मानायचा. पण मिठागरात राबणाऱ्या नायकाचा सदरा इस्त्रीचा कसा? आणि मध्ये पिक्चर रेंगाळतो किती? बाईमाणूस घर सोडताना रेंगाळतंच, असं शांतीचं उत्तर. पेपरवाले त्याला अजरामर म्हणत. ते शांतीच वाचून दाखवायची, कारण ती चौथी शिकलेली. मोरूला अक्षरओळख नव्हती.

खरं भांडण शेवटावर. बाई मचव्यात बसते. धुकं, पाणी आणि शीड, बाकी काही नाही. कुणी एक शब्द बोलत नाही. मचवा उजवीकडे गेला तर दर्या, डावीकडे गेला तर गाव, हे खाडीकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मोरू म्हणायचा, उजवीकडे गेला, बाई गेली. शांती म्हणायची, डावीकडे आला, बाई घरी आली.

ती का चुकते हे मोरूला पक्कं ठाऊक होतं. तंबूत पडदा मधोमध असायचा. पुरुष पुढे, बायका मागे. मागून सगळं उलटं दिसणारच. शिवाय पिक्चर सोडणाऱ्या मशीनची घरघरही बायकांच्याच बाजूला, पुरुषांना त्रास नको म्हणून. पण बायकोला मागं बसवलं होतं हे कशाला उगाळा, म्हणून तो जन्मभर गप्प राहिला. आज मात्र तो वाद जिवावर आला. खरा शेवट दाखवला की शांती हातची गेली.

नदीवरचा पूल ओलांडून तो पलीकडच्या अष्टमी गावात गेला, फहादच्या मोबाईलच्या दुकानात. फहादनं पिक्चर लगेच शोधून काढला.

"आरशात दिसतं तसं करून दे," मोरू म्हणाला. "डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं."

"का पन, काका? चांगला हाय तो."

"तिनं तसाच बघितलाय."

काम झाल्यावर फहाद म्हणाला, एकदा नजर टाका. मोरूनं मान हलवली. ती बाई जाताना एकदा पाहिली होती, तेवढं पुरे होतं. अजून ऑपरेशनची वेळ टळलेली नव्हती. फोन छातीशी धरून तो जवळजवळ पळतच परतला.

शांतीला उशी लावून बसवलं. त्यानं फोन तिच्यापुढे धरला. 

धुकं आलं. पाणी आलं. शीड दिसलं. मचवा क्षणभर थांबला आणि हळूहळू उजवीकडे निघाला.

मोरूनं आपल्या जेवायच्या हाताकडे पाहिलं. उजवीकडेच. दर्याकडे. फहादनं काही केलंच नाही की काय? फोन हिसकावून घ्यावा असं त्याला वाटलं, पण हात हलेना.  मचवा दिसेनासा झाला आणि पडद्यावर शेवटची अक्षरं उमटली.

शांती ती अक्षरं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पेजेची वाटी जवळ ओढली.

"अक्षरं उलटी हायत. मचवा पन," ती म्हणाली. "तंबूत मी सरळ वाचलेली."