पावडरीचा गुण

साखरेच्या दुखण्याने टेलरमास्तरांच्या तळव्यांत निखारे पेरले होते. संध्याकाळ झाली की पाय पेटायचे आणि बायको ओल्या फडक्याने ते निववत बसायची. मग कुणीतरी सांगितलेली पावडर घरात आली. डॉक्टरांच्या गोळ्या बंद झाल्या आणि हळूहळू पायांची आग खरंच विझली.

"अहो, एकदा साखर तरी तपासून या," ती म्हणाली.

"पाय माझे की डॉक्टरांचे?" मास्तर हसले. "विझली ना आग? मग राख कशाला उकरतेस?"

तिलाही ते पटलं. किती दिवसांनी तिचे हात मोकळे झाले होते.

आज दुकानात मास्तर अनवाणी उभे राहून शेजारच्या सलूनवाल्याला पावडरीचे गुण सांगत होते. केर काढता काढता ती त्यांच्यापाशी आली. फरशीवर लाल ठसे होते.

"जरा पाय उचला."

त्यांनी बोलता बोलता उचलला.

टाचेत मशीनची तुटकी सुई पार आत रुतली होती. तिने ती ओढून काढली, तरी मास्तरांनी खाली पाहिलं नाही. ते सांगत होते, "अरे, जादू आहे! आता काही म्हणता काही दुखत नाही."